आचऱ्याचे वास्तुशिल्पी : अच्युत कानविंदे

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाची सहल मुंबईला गेली होती. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सारे मित्र यंत्रे पाहण्यात रंगले होते. माझे लक्ष मात्र पुन्हा पुन्हा इमारतीकडे जात होते. याचे कारण घरचेच आहे. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, रनाळे व आसपासच्या गावांत गवंडीकाम करतात. दहावीच्या सुट्टीत मीही त्यांच्या हाताखाली विटा वाहिल्या आहेत. त्यामुळे मोठी इमारत दिसली की ती कोणाची कल्पना असेल, हा प्रश्न मनात येतोच. तो मी सोबतच्या सरांना विचारला. या इमारतीचा आराखडा आचऱ्याच्या अच्युत कानविंदे यांचा, असे त्यांनी सांगितले. मराठी माणसाचे नाव ऐकून आनंद झाला आणि ते आजवर आपल्या कानी आले नाही याची लाजही वाटली. परत आल्यावर ग्रंथालयात त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. तेच येथे सांगत आहे.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ रोजी मालवण तालुक्यातील आचरे या गावी झाला. आचरे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, आज ते सिंधुदुर्गात आहे. ते लहान असतानाच आई वारली. वडील चित्रकार. त्यामुळे मुलाच्या मनातही चित्रकलाच होती. १९३५ साली ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तेथे वास्तुकलेकडे वळले. त्या वेळी क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहस्थ तेथे वास्तुकला शिकवीत. भारतातली जुनी घरे व वाडे नीट पाहा, इथले ऊन आणि पाऊस ध्यानात घ्या, असा त्यांचा आग्रह असे. हे बी कानविंदे यांच्या मनात पडले, पण ते उगवायला पुढे बरीच वर्षे लागली.

१९४३ साली ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. डॉ. शांतिस्वरूप भटनागर तिचे प्रमुख होते. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या, आणि त्या बांधायच्या कशा हे जाणणारी माणसेही हवी होती. म्हणून १९४५ साली सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपिअस हे गुरू लाभले. ग्रोपिअस यांनी १९१९ मध्ये जर्मनीत बौहाउस ही कलाशाळा काढली होती. कलावंत आणि कारागीर यांच्यात उच्चनीच नसावे, विद्यार्थ्याने हातात हत्यार धरूनच शिकावे, हा त्या शाळेचा बाणा होता. इमारतीला बाहेरून नक्षी चिकटवायची नाही. ती कोणत्या कामासाठी आहे, त्यावरून तिचे रूप ठरू द्यायचे, अशी ही नवी विचारसरणी होती.

१९४७ साली कानविंदे परतले आणि परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी म्हणून प्रयोगशाळांच्या कामाला लागले. अहमदाबादेत कापड गिरण्यांच्या संशोधनासाठी ‘अटिरा’ ही संस्था निघाली होती. तिच्या उभारणीत विक्रम साराभाई अग्रभागी होते. तिची इमारत कानविंदे यांनी केली. तीत ग्रोपिअस यांच्या शिकवणीची छाप स्पष्ट दिसते. १९५५ साली अभियंता शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

त्यांची सर्वांत गाजलेली निर्मिती म्हणजे कानपूरचे आय. आय. टी. ही संस्था १९५९ साली स्थापन झाली. पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर हेही मराठीच. कानविंदे यांनी मोटारी बाहेरच्या बाजूला ठेवल्या आणि आतला भाग पायी चालणाऱ्यांना दिला. एका इमारतीतून दुसरीत जाताना डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून छताखालच्या वाटा काढल्या. सांगाडा काँक्रीटचा आणि मधल्या भिंती उघड्या विटांच्या. गिलावा नाही. त्या ग्रंथालयाचे छायाचित्र मी घरी दाखविले, तेव्हा गिलाव्याला पैसे संपले होते का, असे आईने विचारले!

आप्पांनी मात्र ते छायाचित्र बराच वेळ हातात धरले. विटांच्या थरांवरून बोट फिरवले. मग त्यांनी मला समजावले की असे काम फार अवघड. एकेक वीट निवडून घ्यावी लागते, दर्जा सारख्या राखाव्या लागतात, ओळंबा जरा चुकला तर झाकायला काही नसते. गिलाव्याखाली चांगला गवंडी आणि वाईट गवंडी सारखेच दिसतात, इथे तसे होत नाही. वाचून जे मला उमगले नव्हते, ते शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माझ्या वडिलांनी क्षणात उलगडून दाखविले. कागदावर रेघ ओढणाऱ्याने भिंत रचणाऱ्याच्या हातावर विश्वास टाकला, तरच अशी इमारत उभी राहते.

मेहसाण्याची दूधसागर डेअरी ही त्यांची दुसरी थोर कृती, १९७० ते १९७३ या काळातली. तिच्या माथ्यावर उंच धुराड्यांसारखे मनोरे आहेत. आतली गरम हवा त्यांतून वर निघून जाते. हे वाचताना मला आमचे जुने धाब्याचे घर आठवले. त्याच्या छतातले साणेही हेच काम करी. आता तेथे पत्रे आहेत आणि वैशाखात घरात बसवत नाही. बॅटली यांनी पेरलेले बी येथे खरे उगवले, असे मला वाटते.

१९७४ साली कानविंदे यांना पद्मश्री मिळाली. वरळीचे विज्ञान केंद्र १९८५ मध्ये पूर्णपणे खुले झाले. उतारवयातही त्यांचे काम चालूच होते. दिल्लीचे इस्कॉन मंदिर १९९८ साली पुरे झाले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. २८ डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

छायाचित्र परत देताना आप्पांनी विचारले, हे काम करणारा गवंडी कोण? मी पुस्तक चाळले. त्यात ते नाव नव्हते. मला उत्तर देता आले नाही.

एक गोष्ट कबूल करतो. पहिल्या वर्षाच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी शेती असे लिहिले होते. आम्हाला शेत नाही. वर्गातल्या मुलांपुढे गवंडी हा शब्द लिहिताना हात अडखळला होता. घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. ही पायरी आप्पांच्या थापीवर उभी आहे, आणि तिच्यावरच मी गिलावा फासला होता. तृतीय वर्षाचा अर्ज जूनमध्ये भरायचा आहे. त्यात जे खरे आहे तेच लिहीन.