मधुमेहाच्या छायेतील दिल्लीपर्व : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी ६ डिसेंबर १९५६ रोजी पहाटे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे झोपेतच निधन झाले. त्यावेळी त्यांचे वय ६५ वर्षे होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून देश त्यांना ओळखतो. मात्र ते कार्य पार पाडताना त्यांना मधुमेहाशीही झुंजावे लागले, याचा उल्लेख त्यांच्या चरित्रकथनात ओझरताच येतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात आणि त्यानंतर लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले. ते लंडनमध्ये शिकत असतानाच, जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलाला इन्सुलिनची पहिली सुई देण्यात आली. तोपर्यंत बालवयात मधुमेह जडणे म्हणजे अल्पावधीत मृत्यू, असेच समीकरण होते.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेब दिल्लीत आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना मसुदा समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. याच सुमारास प्रकृती ढासळू लागली. मधुमेह, रक्तदाब, पायांतील असह्य वेदना आणि निद्रानाश यांनी त्यांना ग्रासले. इन्सुलिन घ्यावे लागे. मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी हार्डिंग अॅव्हेन्यूवरील निवासस्थानी त्यांचा विवाह झाला. हा रस्ता पुढे टिळक मार्ग झाला. योगायोग असा की, लोकमान्यही मधुमेही होते आणि इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, १९२० साली, त्यांचे निधन झाले होते.

बाबासाहेबांच्या काळी उपचारांचा सारा भर रक्तातील साखरेवर होता. मधुमेह नियंत्रणात नसेल तर रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात, उपकारक कोलेस्टेरॉल कमी होऊ शकते आणि अपायकारक कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू लागते. हे कण वेगळे करून मोजण्याचे काम अमेरिकेत १९५० च्या आसपास प्रयोगशाळेतच चालले होते. कोलेस्टेरॉल घटविणारी स्टॅटिन औषधे तर १९८७ साली बाजारात आली. साचण्याची ही क्रिया तरुण वयातच सुरू होते. म्हणूनच आता मधुमेही मुलांचीही लिपिड तपासणी केली जाते आणि अपायकारक कोलेस्टेरॉल १०० मिलिग्रॅमच्या खाली राखण्याचा प्रयत्न होतो. वयाच्या पंचविशीपर्यंत मधुमेह जडलेल्यांची नोंद ठेवण्याचा उपक्रम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००६ साली सुरू केला. त्यात दिल्लीच्या 'एम्स'चाही सहभाग आहे. ही संस्था स्थापन झाली ती १९५६ सालीच.

उपचार उपलब्ध होते तेवढेही बाबासाहेबांनी वेळेवर घेतले नाहीत. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र पाठविले. सुमारे महिनाभराचे सलग उपचार आता लांबणीवर टाकता येणार नाहीत, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. तरीही स्वतःला त्यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी हिंदू संहिता विधेयक मार्गी लागावे, अशी त्यांची इच्छा होती. स्त्रियांना वारसाहक्क व घटस्फोटाचा अधिकार देऊ पाहणारे ते विधेयक रखडले आणि सप्टेंबरअखेर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रकृतीच्या हिशेबाने पाहिले तर हा सौदा सर्वस्वी तोट्याचा ठरला.

१९५४ साली काही महिने ते अंथरुणाला खिळले. दृष्टीही मंदावली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस हजर राहून ते दिल्लीस परतले. ५ डिसेंबरच्या रात्री 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांनी सचिव नानकचंद रत्तू यांना उशाजवळ ठेवावयास सांगितली. त्यांवरून त्यांना शेवटचा हात फिरवायचा होता.

७ डिसेंबर रोजी दादर चौपाटीवर त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.