शाळेत धर्म शिकवावा का? साने गुरुजींनी काय केलं होतं?

बागलाणातल्या नामपूरपासून मुंबईपर्यंत कितीतरी शाळांच्या परिपाठात साने गुरुजींची प्रार्थना म्हटली जाते. तिच्यात कोणत्याही एका पंथाचं नाव नाही. दुबळ्या माणसांशी कसं वागावं, हे ती सांगते. ती लिहिणारा माणूस स्वतः शाळामास्तर होता.

कोण होते गुरुजी?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड इथं झाला. पुण्यात शिक्षण घेऊन ते तत्त्वज्ञानाच्या ओढीनं खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. पण तिथल्या कोरड्या चर्चेत मन रमलं नाही. १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहही सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या झाडायच्या, त्यांचे कपडे धुवायचे, रात्री जागून त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढायचं, असा दिनक्रम. धर्माचा वेगळा तास त्यांना लागला नाही.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगातही शिकणं-शिकवणं सुटलं नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत, ते गुरुजींनी टिपून घेतलं. आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' त्यामुळेच उरली. तमिळ शिकून त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणलं. भारतीय संस्कृतीवर लिहिणाऱ्या या माणसानं महंमद पैगंबरांचं चरित्रही लिहिलं, 'इस्लामी संस्कृति' या नावानं.

'श्यामची आई' धर्मशिक्षण आहे का?

१९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहून झालं. त्यात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार बाईला हात द्यायला आई श्यामला पाठवते, पण घरी आल्यावर अंघोळही करायला सांगते. ही अंघोळ आज खटकते, आणि खटकायलाच हवी. आईची माया खरी होती, रूढीची भीतीही खरी होती. गुरुजींनी दोन्ही लिहिलं.

ती भीती त्यांनी पुढे स्वतः ओलांडली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभलं. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती गेली आणि उपोषण सोडण्याचा सल्ला आला. गुरुजींनी तो मानला नाही. १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं ठरलं, तेव्हाच उपोषण सुटलं.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असलं, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही. मात्र २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की सर्व धर्मांची ओळख करून देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. एका धर्माचे विधी शिकवणं वेगळं आणि शेजारचा मुलगा काय मानतो हे समजावणं वेगळं.

गुरुजींचं काम या दुसऱ्या बाजूचं. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं होतं. तो घाव भरला नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.