वीस फ्रँकचे डोके

मोने हे आडनाव ऐकले की आपल्याला दादर-गिरगाव आठवते. हा मोने मात्र फ्रान्सचा. कमळतळ्यांची चित्रे काढणारा क्लोद मोने (१८४०–१९२६). उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, मला त्याच्या कमळांपेक्षा त्याच्या पहिल्या कमाईचे कुतूहल अधिक.

जन्म पॅरिसचा, वाढला ल आव्र या बंदराच्या गावी. शाळेत वहीच्या समासात मास्तरांची वेडीवाकडी तोंडे काढायचा. पंधरा-सोळाव्या वर्षी तर गावातली प्रतिष्ठित मंडळी पैसे मोजून त्याच्याकडून आपली अर्कचित्रे काढून घेऊ लागली. इवलेसे धड, वर भोपळ्याएवढे डोके आणि नाक तर विचारूच नका! दर १० फ्रँकवरून २० वर गेला.

ही चित्रे एका फ्रेमवाल्याच्या दुकानात काचेमागे लागत. शेजारीच यूजेन बुदँची समुद्राची चित्रे असत. पोराला ती मुळीच आवडत नसत. तो बुदँला टाळायचाच. अखेर बुदँने त्याला गाठले, अर्कचित्रांची तारीफ केली, पण एवढ्यावर थांबू नकोस असेही बजावले. १८५८ मध्ये त्याला बरोबर घेऊन उघड्यावर रंगवायला नेले. आभाळ आणि उजेड पाहिल्यावर शेठजींच्या नाकांत त्याचे मन रमेना.

बांधलेली गिऱ्हाइके सोडायला छाती लागते. १८५९ मध्ये नगरपालिकेने शिष्यवृत्ती नाकारली. मग अर्कचित्रांतून साठवून आत्याकडे ठेवलेले सुमारे २,००० फ्रँक कामी आले आणि पोरगा पॅरिसात राहिला.

पुढे कमळांच्या त्या भल्यामोठ्या चित्रांत माणूस औषधालाही उरला नाही. ल आव्रची काही डोकी मात्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने जपून ठेवली आहेत.