सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर, १८९६, मुंबई – २० जून, १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, निसर्ग अभ्यासक व लेखक होते. भारतातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण करणारे ते पहिल्या भारतीयांपैकी एक होत. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने गोळा करून त्यांचे वर्गीकरण करणे, एवढ्यापुरता मर्यादित असलेला पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी जिवंत पक्षी व त्याचा परिसर यांच्या संबंधाकडे वळविला. अधिवास, अन्नसाखळी, परागीभवन, स्थलांतर या परिस्थितिविज्ञानातील मूलभूत संकल्पना शालेय विद्यार्थ्यांना समजावून देताना त्यांच्या कार्यातील उदाहरणे उपयुक्त ठरतात.

बालपण व शिक्षण

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन यांचे आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा यांचे निधन झाले. त्यानंतर मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला.

लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी नेहमीची नव्हे, हे लक्षात आल्यावर मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले, मुलाला संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचावयास पुस्तके दिली. शिकारीची आवड असलेला मुलगा येथून पक्षी अभ्यासाकडे वळला.

१९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते कौटुंबिक व्यवसायासाठी ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे गेले. व्यवसायात यश आले नाही, मात्र तेथील जंगलांत निरीक्षणाची सवय जडली. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी वाणिज्याबरोबर प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह तहमिना बेगम यांच्याशी झाला.

संग्रहालयातील नोकरी व जर्मनीतील प्रशिक्षण

विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत त्यांना जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) नव्या निसर्गेतिहास विभागात ते मार्गदर्शक व्याख्याता म्हणून रुजू झाले. मांडलेल्या प्राण्यांची माहिती शाळकरी मुलांना व इतर प्रेक्षकांना सांगणे हे त्यांचे काम होते. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रशिक्षण घेतले. श्ट्रेझमान यांना ते आयुष्यभर गुरू मानत. १९३० मध्ये परतल्यावर पैशाअभावी आपले पद रद्द झाल्याचे त्यांना समजले.

किहीम येथील निरीक्षणे

बेकारीच्या या काळात अली दांपत्य अलिबागजवळील किहीम येथे राहू लागले. तेथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. अली यांनी पावसाळ्यात तिचे नियमित निरीक्षण केले. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी त्यांची पाहणी करून एक पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो, असे त्यांना आढळले. सुगरणीचा संसार कसा चालतो याचा हा उलगडा नवा होता व त्यामुळे त्यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत पोहोचले.

याच सुमारास कोकणातील आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाच्या प्रसाराविषयी त्यांनी लेख लिहिला. मध पिण्यासाठी येणाऱ्या शिंजिरामुळे बांडगुळाच्या फुलांचे परागीभवन होते. फुलटोच्या त्याची फळे खातो आणि त्याने टाकलेली चिकट बी दुसऱ्या फांदीला चिकटून रुजते. पक्ष्याला अन्न मिळते, बांडगुळाचा प्रसार होतो आणि आंब्याचे नुकसान होते. एका झाडावरील तीन सजीवांचे हे नाते परस्परोपकार व परजीविता या दोन्ही संकल्पना एकत्र दाखविते.

हैदराबाद संस्थानातील सर्वेक्षण व मराठवाडा

खर्च मिळाल्यास विनावेतन पक्षिसर्वेक्षण करून देण्याची तयारी अली यांनी संस्थानांना कळविली. हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण त्यांनी १९३१-३२ मध्ये केले. तहमिना बेगम मुक्कामांवर त्यांच्यासोबत असत. आजचा जालना जिल्हा त्या वेळी याच संस्थानात होता. औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे, १९८१ रोजी झाला. या सर्वेक्षणाचे निष्कर्ष ह्यू व्हिस्लर यांच्या सहकार्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर इत्यादी संस्थानांतही त्यांनी अशी सर्वेक्षणे केली.

शेतीला उपकारक व अपकारक अशी पक्ष्यांची सरसकट विभागणी अली यांना मान्य नव्हती. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना भोरडीच्या उदाहरणावरून हे सहज समजते. भोरड्या हिवाळ्यात मध्य आशियाकडून दख्खनमध्ये येतात. त्यांचे थवे ज्वारीच्या कणसांवर उतरतात, त्यामुळे शेतकरी त्यांना हाकलतो. त्याच भोरड्या टोळ व नाकतोडे खातात. पळस, पांगारा व सावर फुलल्यावर त्या मध पिण्यास येतात आणि परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. पळसमैना हे त्यांचे दुसरे नाव यावरूनच पडले आहे. एकच पक्षी अन्नसाखळीत एका ठिकाणी धान्यभक्षक, दुसऱ्या ठिकाणी कीटकभक्षक आणि वनस्पतींचा परागवाहकही असतो. अशा अनेक साखळ्या परस्परांत गुंतून अन्नजाळे तयार होते.

ग्रंथलेखन

१९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तहमिना बेगम यांचे निधन झाले. त्यानंतर अली बहीण व मेहुणे यांच्याकडे राहू लागले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे, आकाराची तुलना, आढळण्याची ठिकाणे व सवयी अशी मांडणी असल्यामुळे शास्त्राचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही पक्षी ओळखता येऊ लागले. लईक फतेहअली यांच्यासह त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी परिचित पक्ष्यांवर छोटे पुस्तक लिहिले. अमेरिकन शास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांचे आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रकाशित झाले.

संवर्धनकार्य व मतभेद

केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्याच्या प्रयत्नांना अली यांनी पाठिंबा दिला. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे त्यांचे मत होते, परंतु १९६३ मध्ये मोराची निवड झाली. माळढोकाला लागणारी मोकळी गवताळ माळराने पडीक समजली गेल्याने घटत गेली व पक्षी दुर्मीळ झाला.

राजस्थानमधील भरतपूरच्या पाणथळ प्रदेशाला संरक्षण मिळवून देण्यात अली यांचा मोठा वाटा होता. तेथील गुरे चारण्यावर १९८२ मध्ये बंदी आली. अली यांचा या बंदीला पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला व पोलिसांशी झालेल्या संघर्षात काही जणांचा मृत्यू झाला. चराई थांबल्यावर पाण्यात गवत माजले व पाणपक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. म्हशींच्या चराईमुळे हे गवत आटोक्यात राहत होते, असा निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघाला. अली यांची स्वतःची संस्थाच या निष्कर्षापर्यंत आली, हे विशेष. परिसंस्थेतून एखादा घटक काढला असता इतर घटकांवर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी हे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते. माणूस व त्याची जनावरेही परिसंस्थेचा भाग असू शकतात, हेही त्यातून स्पष्ट होते.

सन्मान

अली यांना १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब मिळाले. १९७६ मध्ये मिळालेल्या जे. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली.

वारसा

त्यांच्या नावाचे पक्षिविज्ञान व निसर्गेतिहास केंद्र १९९० मध्ये कोइंबतूर येथे स्थापन झाले. जालन्याशेजारील छत्रपती संभाजीनगर शहरात दिल्ली दरवाजाजवळील तलाव सलीम अली सरोवर या नावाने ओळखला जातो. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस पक्षी दिन म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर असल्याने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा करण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ठरविले. या काळात हिवाळी पाहुणे राज्यातील तलावांवर व शिवारांत येऊ लागलेले असतात. त्यामुळे दुर्बिणीशिवायही, केवळ वही व पेन्सिल घेऊन, विद्यार्थ्यांना शाळेभोवतीच्या परिसरात निरीक्षणास सुरुवात करता येते.