तारापूरची अणुभट्टी आणि बीथोवनच्या तबकड्या: होमी भाभांची ही बाजू माहितीये का?

चर्चगेटहून निघालेली डहाणू लोकल पालघर, उमरोळी ओलांडून बोईसरला येते आणि फलाट माणसांनी भरून जातो. कुणी एमआयडीसीच्या पाळीला, कुणी टॅप्स कॉलनीत, कुणी पुढे चिंचणी-तारापूरच्या रिक्षेत. या भागात एक नाव शाळकरी पोरालाही माहीत असतं. डॉ. होमी भाभा. तारापूरचं अणुवीज केंद्र त्यांनी आणलं, एवढं सगळेच सांगतात.

पण या माणसाची घडण फक्त प्रयोगशाळेत झाली नव्हती. ती झाली होती ग्रामोफोनसमोर बसून. बीथोवन, मोझार्ट, बाख, शूबर्ट ही नावं त्यांना भौतिकशास्त्राच्या आधी भेटली. आणि आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेताना त्यांनी वडिलांना उदाहरण दिलं, तेही न्यूटनचं नाही, बीथोवनचं.

घरात पुस्तकं, चित्रं आणि लाखेच्या तबकड्या

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे ऑक्सफर्डला शिकलेले वकील. आजोबा हॉर्मसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. आत्या मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. म्हणजे एका बाजूला पोलाद आणि वीज कारखान्यांच्या गप्पा, तर दुसऱ्या बाजूला पुस्तकं आणि संगीत. होमी आणि धाकटा भाऊ जमशेद दोन्ही ऐकत मोठे झाले.

त्या काळात रेकॉर्ड ऐकणं म्हणजे आजच्यासारखं प्लेलिस्ट लावून झोपून जाणं नव्हतं. तबकडी लाखेची बनायची, आणि ती लाख बहुतेक भारतातूनच जायची, हे आज फारसं कुणाला माहीत नसतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची. मग उठायचं, तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी भरायची. १९१३ मध्ये बर्लिनच्या वाद्यवृंदाने आर्थर निकिश यांच्या हाताखाली बीथोवनची पाचवी सिंफनी पूर्ण ध्वनिमुद्रित केली, तिला आठ बाजू लागल्या होत्या. होमी तेव्हा चार वर्षांचे होते.

या मर्यादेमुळे एक प्रकार मात्र तबकडीवर फार शोभून दिसला, तो म्हणजे एक गळा आणि एक पियानो. एखाद्या कवीची कविता घ्यायची, तिला चाल लावायची, पियानोने नुसती साथ न करता कवितेचा अर्थच सांगायचा. शूबर्टने जर्मन भाषेत अशी सहाशेच्या वर गाणी रचली. तीन-चार मिनिटांचं गाणं एका बाजूवर अख्खं मावायचं. आपल्याकडे १९३० च्या दशकात जी. एन. जोशींसारख्या गायकांच्या रेकॉर्डमुळे भावगीत घराघरात पोहोचलं, त्यामागेही तबकडीचं हेच गणित होतं. कवीचे शब्द, एक आवाज, तीन मिनिटं.

भाभांच्या घरात आणि नातेवाइकांकडे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्डचा मोठा साठा होता. शाळा कॅथेड्रल अँड जॉन कॉनन. खेळायला मेकॅनोचे तुकडे, हातात ब्रश, कानात बीथोवन. सोळाव्या वर्षापर्यंत या मुलाचा कान पुरता तयार झाला होता.

बापाला लिहिलेलं पत्र

एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स करून १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले. कॉलेज गॉनव्हिल अँड कीज, विषय मेकॅनिकल इंजिनीअरिंग. घरच्यांचा बेत अगदी स्पष्ट होता. पोराने इंजिनीअर व्हायचं, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसायचं. आजही बोईसरच्या कुठल्याही घरात दहावीच्या निकालानंतर होतं, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे कारखानाच घरचा होता.

होमींचं मन मात्र भौतिकशास्त्रात अडकलं. १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. मोठ्या कंपनीचा प्रमुख होण्यात आपल्याला रस नाही, भौतिकशास्त्र हेच आपलं काम आहे, असा त्याचा सूर होता. आणि मुद्दा पटवायला त्यांनी बीथोवनला पुढे केलं. विज्ञान ही फार थोर गोष्ट आहे म्हणून बीथोवनला वैज्ञानिक व्हायला सांगण्यात काय हशील, जर त्याला विज्ञानात काडीचाही रस नसेल? असा युक्तिवाद विशीही न गाठलेला मुलगा तेव्हाच करतो, जेव्हा बीथोवन त्याच्यासाठी भिंतीवरची तसबीर नसतो.

वडिलांनी नकार दिला नाही, पण सौदा केला. आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च करतो. होमींनी १९३० मध्ये पहिला वर्ग मिळवला. १९३२ मध्ये गणितातही मिळवला. मग कुणाला काही बोलायला जागाच उरली नाही.

हे केंब्रिज संगीताच्या दृष्टीनेही खास होतं. इंग्रजी भाषेतल्या पियानो-गीतांचा तो बहराचा काळ होता. व्हॉन विल्यम्स तिथलेच माजी विद्यार्थी. त्यांच्यासह बटरवर्थ, आयर्लंड अशा अनेक संगीतकारांनी ज्या कवीच्या कवितांना चाली लावल्या, ते ए. ई. हाउसमन तेव्हा भाभांच्या कॉलेजला लागून असलेल्या ट्रिनिटीत लॅटिन शिकवत होते. गल्लीच्या एका बाजूला कविता, दुसऱ्या बाजूला क्वांटम सिद्धान्त. पॉल डिरॅक याच गावात शिकवत होते आणि भाभांचा ओढा त्यांच्याकडे होता.

या दिवसांत भाभांनी मोझार्टच्या इडोमेनिओ या ऑपेराच्या विद्यार्थी प्रयोगासाठी नेपथ्याची संकल्पचित्रं केली. त्यांची चित्रं पाहून रॉजर फ्राय या नावाजलेल्या कलासमीक्षकाने त्यांना प्रोत्साहन दिलं होतं. बाकी काम सुरूच होतं. झुरिकला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, हे त्यांनी गणिताने मांडलं. आज जगभर त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलरसोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त दिला.

सुट्टीवर आले आणि इथलेच झाले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले. सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन होते, तिथे ते रुजू झाले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा वय अवघं ३१. त्याच वर्षी नागपूरला भरलेल्या विज्ञान अकादमीच्या बैठकीत रामन यांनी त्यांची ओळख संगीतप्रेमी, चित्रकार, इंजिनीअर आणि वैज्ञानिक अशी करून देत थेट लिओनार्दो दा विंचीशी तुलना केली. रामन सहसा कुणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, म्हणून हे जास्त लक्षात राहतं.

मार्च १९४४ मध्ये भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र पाठवलं आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर उभी राहिली. मुंबईत तिची सुरुवात पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यातून झाली. पुढे कुलाब्याला समुद्रालगत नवी इमारत झाली, तेव्हा भिंतींवर हुसेन आणि त्यांच्या पिढीतल्या चित्रकारांची चित्रं आली. बाग कशी असावी, झाड तोडायचं की मुळासकट हलवायचं, यात भाभा जातीने लक्ष घालायचे. सरकारी पैशावर चाललेल्या संस्थेत चित्रं कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. भाभांच्या लेखी तो प्रश्नच चुकीचा होता.

तारापूरच का?

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये तुर्भ्याचं केंद्र, ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही पहिली अणुभट्टी. नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. आता भाभांना प्रत्यक्ष वीज काढून दाखवायची होती.

जागा ठरली मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. हिशेब सरळ होता. कोळशाच्या खाणी देशाच्या पूर्व आणि मध्य भागात, तर गिरण्या आणि कारखाने पश्चिमेला. कोळसा वाहून आणण्याचा खर्च मोठा. इथे थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी हाताशी आणि वीज घ्यायला नव्यानेच वेगळी झालेली दोन राज्यं, महाराष्ट्र आणि गुजरात.

इथेच भाभांच्या कारकिर्दीतला एक अवघड मुद्दा येतो. त्यांची स्वतःची योजना तीन टप्प्यांची होती. आधी नैसर्गिक युरेनियम, मग प्लुटोनियम आणि शेवटी केरळच्या किनाऱ्यावर मुबलक असलेलं थोरियम. तारापूर या योजनेत बसतच नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अणुभट्ट्या पुरवल्या आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही अमेरिकेकडूनच यायचं होतं. अणुवीज परवडते हे लवकर सिद्ध करायचं म्हणून भाभांनी हा मार्ग पत्करला. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाच्या बाबतीत हात आखडता घेतला आणि १९८० च्या दशकात फ्रान्सकडे जावं लागलं. मूळ २१० मेगावॉटच्या दोन्ही भट्ट्यांची क्षमताही पुढे १६० वर आणावी लागली.

किनाऱ्यावरच्या गावांचा हिशेब आणखी वेगळा आहे. भाभांनंतर बऱ्याच वर्षांनी तिसरी आणि चौथी भट्टी झाली, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तारापूरची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

मों ब्लाँ

२४ जानेवारी १९६६. दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्समधल्या मों ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले. त्यात व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले ५६ वर्षांचे भाभा होते.

यावर घातपाताच्या कहाण्या व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत फिरतात. त्यांना आधार देणारा पुरावा आजवर समोर आलेला नाही. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष होता, की विमान पर्वताच्या नेमकं कुठे आहे याबाबत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गैरसमज झाला.

तारापूरच्या दोन भट्ट्या भाभांनी सुरू झालेल्या पाहिल्याच नाहीत. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली.

त्याच १९६९ मध्ये मुंबईत आणखी एक गोष्ट सुरू झाली. धाकटे भाऊ जमशेद यांनी टाटांच्या पाठबळावर एनसीपीए म्हणजे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र उभं केलं. सुरुवातीच्या कामांतलं एक महत्त्वाचं काम होतं ध्वनिमुद्रणाचं. तोंडी परंपरेने आलेलं भारतीय संगीत गायकांसोबत नाहीसं होण्याआधी जपून ठेवायचं. पु. ल. देशपांडे या केंद्राचे मानद संचालक होते आणि डॉ. अशोक दा. रानडे यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. एका पारशी घरातल्या युरोपियन रेकॉर्ड ऐकत वाढलेल्या दोन भावांपैकी एकाच्या संस्थेत मराठी नाट्यसंगीत आणि लोकसंगीताचा अभ्यास झाला, हे फार कमी जणांना माहीत असतं.

होमी भाभांनी लग्न केलं नाही. मलबार हिलवर त्यांचा बंगला होता. वडील जहांगीर आणि आई मेहेरबाई यांची नावं जोडून त्याचं नाव ठेवलं होतं मेहरांगीर. २००७ मध्ये जमशेद गेले आणि बंगला एनसीपीएकडे आला. तो भाभांचं स्मारक व्हावा, अशी अणुऊर्जा विभागातल्या कर्मचाऱ्यांची मागणी होती आणि प्रकरण कोर्टातही गेलं. जून २०१४ मध्ये त्याचा ३७२ कोटींना लिलाव झाला. पैसे एनसीपीएला मिळाले. त्यानंतर दीड महिन्याने, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा झाला आणि तारापूर ठाण्यातून त्यात आलं. बंगला २०१६ मध्ये पाडण्यात आला.