पिकदाणी पुसणारा पोऱ्या : सिडने वाइनबर्ग

परीक्षा आटोपल्या की आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांत एकच चर्चा सुरू होते. नोकरीच्या अर्जात आधी गुण पाहतात की कॉलेजचे नाव? पुण्या-बेंगळुरूला मुलाखतीला जाऊन आलेली मुले सांगतात, की हे कॉलेज कुठे आले, असा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो. आणि तो ज्या सुरात येतो, त्यावरून पुढचे बरेचसे कळून चुकते. सीमेवरच्या आपल्या गावांना हा सूर नवा नाही. मी सिडने वाइनबर्ग यांचे चरित्र वाचले ते याच विचाराने. या माणसाजवळ सांगण्यासारखे कॉलेजच नव्हते, आणि तरीही तो १९३० पासून १९६९ पर्यंत न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स या पेढीचा प्रमुख होता.

बँक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठेवी घेणारी, कर्ज देणारी बँक येते. ही पेढी तशी नव्हे. कारखान्याला भांडवल हवे असेल तर त्याचे शेअर किंवा रोखे आपण उचलायचे, गुंतवणूकदारांना विकायचे, न खपले तर तोटा सोसायचा, हा तिचा धंदा. बव्हेरियातून अमेरिकेत आलेल्या मार्कस गोल्डमन यांनी १८६९ मध्ये व्यापाऱ्यांच्या हुंड्या विकत घेऊन त्या बँकांना विकण्यापासून सुरुवात केली. हुंड्या टोपीत खोचून ते पायी हिंडत. पुढे पेढी वाढली, पण रेल्वे आणि पोलाद यांचे मोठे व्यवहार मॉर्गनसारख्या जुन्या घराण्यांकडेच राहिले. या पेढीला तिथे सहसा शिरकाव नसे. म्हणून गोल्डमन सॅक्सने दुकानदारी कंपन्या धरल्या : १९०६ मध्ये सीअर्स, १९१२ मध्ये वुलवर्थ. प्रतिष्ठितांनी नाक मुरडलेला हा धंदा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण वाइनबर्ग शिरले ते अशा घरात, ज्याला स्वतःलाच बाहेर उभे केले होते.

सिडनेचा जन्म १८९१ चा, ब्रुकलिनमधला. वडील पोलंडकडून आलेले, दारूचे घाऊक व्यापारी, घरात अकरा मुले. लहानपणी तो वर्तमानपत्रे विकी, आणि जागेवरून होणाऱ्या मारामाऱ्यांत पाठीवर चाकूचे वण घेऊन बसला. शाळा प्राथमिकच्या फारशी पुढे गेली नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांवर लोकांची झुंबड उडाली, तेव्हा या पोराने दुसऱ्यांसाठी रांगेत उभे राहून पैसे मिळवले. मग एक्स्चेंज प्लेसवरच्या तेवीस मजली इमारतीत तो सर्वांत वर गेला आणि पोऱ्या हवा का, असे दारोदार विचारत खाली उतरू लागला. संध्याकाळी अगदी खालच्या मजल्यांवर आला तेव्हा गोल्डमन सॅक्सचे दार लागले. त्या दिवशी काम मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी तो, आपल्याला बोलावले आहे असे ठोकून देऊन, पुन्हा हजर! झाडलोट करणाऱ्याच्या हाताखाली त्याला घेतले. पिकदाण्या घासणे हे त्यातले एक काम.

चरित्रकार इथे चिकाटीचे गोडवे गातात. चिकाटी होतीच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. पॉल सॅक्स या भागीदाराच्या घरी एक लांबच लांब ध्वजदंड पोचवायचा होता. सिडनेने तो ट्राममधून नेला. सॅक्स स्वतः हार्वर्डचे. त्यांनी या पोराशी चार शब्द बोलून पाहिले, त्याला टपाल विभागात आणले, आणि त्याने त्या विभागाची घडी नव्याने बसवली. मग त्याचे गिचमिड अक्षर सुधारावे म्हणून सॅक्सनी त्याला ब्राऊन्स बिझनेस कॉलेजात धाडले. हे ब्रुकलिनमधले कारकुनी शिकवणारे कॉलेज. नावाने कोणी दबून जावे असे त्यात काही नव्हते. एवढ्या शिदोरीवर पुढचा सारा प्रवास झाला. पण सॅक्स भेटले नसते तर? असा प्रश्न मला पडतो, आणि चिकाटीची व्याख्याने ऐकताना तो सुटत नाही.

पहिल्या महायुद्धात ते नौदलात स्वयंपाक्याचे मदतनीस म्हणून भरती झाले. परतल्यावर रोखे विकू लागले. १९२५ मध्ये त्यांनी शेअर बाजाराचे सभासदत्व १,०४,००० डॉलरना घेतले. १९२७ मध्ये ते भागीदार झाले.

त्यानंतर पेढीवर मोठे संकट आले. वॅडिल कॅचिंग्ज हे तिथले बुद्धिमान भागीदार, हार्वर्डचे पदवीधर, अर्थशास्त्रावर पुस्तके लिहिलेले. डिसेंबर १९२८ मध्ये त्यांनी गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली. १०४ डॉलरचा तिचा शेअर आधी आकाशाला भिडला आणि मंदीत पावणेदोन डॉलरवर आला. विनोदी नट एडी कँटर यांनी तर पेढीवर दावा लावला. कॅचिंग्जना जावे लागले, आणि १९३० मध्ये पेढीचे सुकाणू पिकदाणी पुसणाऱ्या मुलाच्या हाती आले. आता यावरून शिक्षण व्यर्थ, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. वाइनबर्गही फसले. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे ते संचालक होते, आणि १९३८ मध्ये तिच्या हिशेबातला कोट्यवधी डॉलरचा माल कागदावरच असल्याचे उघड झाले. ऑडिटिंगच्या पुस्तकात साठ्याची प्रत्यक्ष तपासणी करण्याचा जो धडा आपण पाठ करतो, त्यामागे हे प्रकरण आहे. म्हणजे संचालकांच्या टेबलाशी बसलेल्या अनुभवी डोळ्यांनाही गोदामे दिसली नव्हती.

पण त्यांची एक रीत मला फार आवडते. आपले अल्पशिक्षण त्यांनी कधी लपवले नाही. एखादा तज्ज्ञ अवघड बोलू लागला की ते त्याला साध्या भाषेत सांगायला लावीत. आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकीत, जो प्रश्न विचारायला इतरांना लाज वाटे, तो ते बेधडक विचारीत. अमेरिकेतल्या गुणवंत पदवीधरांना फाय बीटा कॅप्पा या संस्थेची सोन्याची किल्ली मिळते. वाइनबर्ग तसल्या किल्ल्या गहाणवटीच्या दुकानांतून विकत घेत आणि कोणी फार पांडित्य पाजळू लागला की त्याच्या हाती ठेवीत. यात मिस्कीलपणा आहे, थोडा डंखही आहे. सलणारे काही नसते तर माणूस किल्ल्या कशाला जमवील?

रूझवेल्ट यांच्या काळात, १९३३ मध्ये, उद्योगपतींची सल्लागार समिती उभारण्यात त्यांचा हात होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युद्धोत्पादन मंडळासाठी कारखान्यांतून कर्तबगार माणसे ओढून आणली. पण कळस झाला तो जानेवारी १९५६ मध्ये. फोर्ड मोटर कंपनीचे शेअर प्रथमच जनतेला विकले गेले : १ कोटी २ लाख शेअर, दर ६४.५० डॉलर, एकूण सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर. तोवरची ही सर्वांत मोठी विक्री. फोर्ड फाउंडेशनकडे मताधिकार नसलेले प्रचंड शेअर, मते मात्र घराण्याच्या हाती, असा तो गुंता होता. घराण्याची सत्ता राखून विक्री कशी करावी याच्या योजना वाइनबर्ग यांनी दोन वर्षांहून अधिक काळ गुप्तपणे आखल्या. कागदपत्रांत नावांऐवजी सांकेतिक शब्द असत.

कार्यालयात त्यांनी जुनी पितळी पिकदाणी आठवण म्हणून जपली होती. २३ जुलै १९६९ रोजी ते वारले. त्यांच्यानंतर प्रमुख झालेले गस लेव्ही यांनीही कॉलेज अर्धवट सोडलेले होते. मात्र वाइनबर्ग यांचा मुलगा जॉन प्रिन्स्टनला शिकला, मग हार्वर्डला, आणि १९७६ पासून जॉन व्हाइटहेड यांच्या जोडीने त्याने पेढी चालवली. व्हाइटहेडही हार्वर्डचेच. पुढे या पेढीत नामवंत विद्यापीठांतून माणसे वेचून घेण्याची रीत रुळली. तेवीस मजले उतरत येणाऱ्या पोऱ्याला तिथे कोणी दार उघडले असते का, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. पॉल सॅक्स १९१५ मध्येच पेढी सोडून हार्वर्डच्या कलासंग्रहालयात गेले होते.