साने गुरुजी : ओव्या वेचणारा शिक्षक

साने गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’ हे समीकरण मराठी मनात इतके दृढ झाले आहे की त्यांचे लोकसाहित्यविषयक कार्य जवळजवळ दृष्टीआड झाले आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. दापोली, औंध, पुणे अशी वणवण करीत, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी शिक्षण पुरे केले. १९१७ साली आई गेली.

१९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. मिठाच्या सत्याग्रहात ही नोकरी सुटली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ सोबत्यांमुळे तिरुक्कुरळाची ओळख झाली आणि त्यातून त्याचा मराठी अनुवाद सिद्ध झाला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचने त्यांनी टिपून घेतली, तर १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचा ग्रंथ आहे तो दोन भागांतील ‘स्त्रीजीवन’. आयाबायांच्या मुखातील जात्यावरच्या ओव्या त्यांनी येथे एकत्र केल्या. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाला भाषाशास्त्राचे अधिष्ठान होते. गुरुजींजवळ तसली शिस्त नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्यांची मांडणी नात्यागोत्यांची आहे : माहेर, भाऊ-बहीण, मूल. ओवी कोणत्या गावची, कोणत्या जातीतील, हा संशोधकाचा प्रश्न त्यांना फारसा अडवीत नाही. तथापि ओव्यांतील तुळस, मोगरा, नदी, चंद्र हे सारे केवळ वर्णनासाठी येत नसून घरातील गणगोत म्हणून येतात, हे त्यांनी अचूक ओळखले. काशीच्या घाटांलगतच्या जुन्या दक्षिणी घरांतून वावरताना प्रस्तुत लेखकाला या ग्रंथाची वारंवार आठवण होते.

ओव्यांतून ज्याला बंधू म्हणून हाक मारली जाई, त्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या स्त्रीपुरुषांना मात्र बंद होते. ते उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. सर्व भारतीय भाषा एकत्र शिकविणाऱ्या ‘आंतरभारती’चे स्वप्न मात्र त्यांच्या हयातीत आकारास आले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्याच हाताने जीवनयात्रा संपविली. तेव्हा त्यांचे वय पन्नास होते.